एका पिशवीचा इतिहास

माझी भाची दिल्लीतील एका विश्वविद्यालयात संशोधन साहाय्यक आहे. विषय इम्युनॉलॉजी, म्हणजे बाहेरून शिरणाऱ्या रोगजंतूंचा प्रतिकार शरीर कसा करते, याचा विचार करणारे शास्त्र. आपण त्यास प्रतिकारक्षमताशास्त्र म्हणू. वसतिगृहातील जेवणास कंटाळली, की रविवारी ती आमच्या सरकारी बिऱ्हाडी येते, मामीच्या हातची आमटी पोटभर भुरकते आणि आठवड्याची कैफियत मांडते. परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी घरांना असा रविवारचा पाहुणा अपरिचित नाही. वाचकांस त्याचे निराळे वर्णन करावयास नको.

गेल्या पावसाळ्यातील अशाच एका रविवारी ती नेहमीपेक्षा गप्प होती. जेवण आटोपल्यावर म्हणाली, "मामा, आई सगळ्यांना सांगते की मुलगी संशोधन करते. प्रत्यक्षात मी नळ्या निर्जंतुक करते, उंदरांच्या पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावते आणि वहीत आकडे मांडते. निबंध सरांच्या नावावर निघतो. तुझ्या कारकुनीत आणि माझ्या संशोधनात फरक तो काय?"

हा प्रश्न मला लागला नाही. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. टिपण मी लिहितो, सही वरची होते, आणि निर्णय ज्याच्या नावाने बाहेर पडतो त्यास माझे नावही ठाऊक नसते. यात अन्याय आहे असे तरुणपणी वाटे. आता तसे वाटत नाही. पण भाचीची खरी अडचण निराळीच होती, आणि ती हळूहळू बाहेर आली. चोवीस उंदरांना एकच द्रव्य टोचले होते. एकवीस उंदरांच्या रक्तात अपेक्षेप्रमाणे प्रतिक्रिया दिसली. तिघांच्या रक्तात काहीच नव्हते. प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचविले, की सुई नीट लागली नसावी, तेव्हा हे तीन उंदीर वगळावेत. तक्ता स्वच्छ दिसेल. तिने ते आकडे वहीत पेन्सिलीने लिहून ठेवले होते. "शाईने लिहू, की खोडून टाकू?" एवढाच तिचा प्रश्न होता, आणि खोडण्याचे ठरले तर ही नोकरीच सोडावी, असे तिच्या मनात घोळत होते.

मी तिला तत्काळ उत्तर दिले नाही. कारकुनाला पूर्वीचे प्रकरण पाहिल्याखेरीज मत देण्याची सवय नसते. सुदैवाने तिच्याच शास्त्राच्या इतिहासात असे एक पूर्वीचे प्रकरण आहे. ते कोंबडीच्या शरीरातील एका लहानशा पिशवीचे आहे. त्या रविवारी मी ते तिला जसे सांगितले, तसेच थोडे विस्ताराने येथे मांडतो.

पक्ष्यांच्या शरीराच्या मागील टोकाशी, मल, मूत्र आणि अंडे हे सर्व जेथून बाहेर पडते त्या मार्गाच्या वरच्या अंगास, एक पिशवी असते. कोंबडीच्या पिल्लात ती पाहता पाहता बोराएवढी होते आणि पक्षी वयात आला की आक्रसत जाऊन नाहीशी होते. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्राचा थोर अध्यापक फॅब्रिशियस याने तिचे वर्णन करून ठेवले. फॅब्रिशियस १६१९ मध्ये वारला आणि अंडे व पिल्लू यांच्या उत्पत्तीवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६२१ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यात ही पिशवी आहे. म्हणूनच तिला फॅब्रिशियसची पिशवी असे नाव पडले. लॅटिनमध्ये पिशवीस 'बर्सा' म्हणतात, तोच शब्द शास्त्रात रूढ आहे. नराचे वीर्य साठविण्यासाठी ती असावी, असा फॅब्रिशियसचा तर्क होता. तो तर्क चुकीचा होता. कारण ही पिशवी नरातही असते आणि मादीतही असते, आणि शिवाय प्रजननाचे वय येण्याच्या सुमारासच ती लोप पावते. मात्र तर्क चुकला तरी वर्णन अचूक होते. याच फॅब्रिशियसने शिरांतील झडपांचेही वर्णन केले होते. त्यांचा अर्थ त्याला उमगला नाही; तो उमगला त्याच्या विल्यम हार्वी नावाच्या शिष्यास, आणि त्यातून १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत जगापुढे आला. झडपांना हार्वी लौकर भेटला. पिशवीला आपल्या अर्थासाठी तीनशे वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

या मधल्या काळात प्रतिकारक्षमतेचे शास्त्र जन्मास येऊन वयातही आले होते. १८९० मध्ये बर्लिन येथे बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष थोडथोडे देऊन सरावलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाचा उतारा तयार होतो, आणि तो रक्तरस दुसऱ्या प्राण्यास दिला तर त्याचेही रक्षण होते. बेहरिंगने घटसर्पाच्या विषाबाबतही तेच दाखविले. रक्तातील या संरक्षक द्रव्यांना पुढे प्रतिपिंडे हे नाव मिळाले. परंतु ही प्रतिपिंडे शरीरात तयार होतात कोठे? १९४८ मध्ये स्टॉकहोम येथे अ‍ॅस्ट्रिड फॅग्रेउस या विदुषीने आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात दाखविले, की ती प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशींत तयार होतात. मग त्या पेशी तरी मुळात कोठून येतात? याचे उत्तर कोणापाशी नव्हते. १९५२ मध्ये अमेरिकेत ऑग्डेन ब्रूटन या लष्करी डॉक्टरापुढे आठ वर्षांचा एक मुलगा आला. त्यास पुन:पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होत असे. त्याचे रक्त तपासले तेव्हा, ज्या घटकात प्रतिपिंडे असावयाची तो घटकच त्यात आढळला नाही. दुसऱ्या माणसांच्या रक्तातून वेगळा केलेला तो घटक दर महिन्यास टोचल्यावर मुलाचा त्रास थांबला. पण त्याच्या शरीरात नेमके काय कमी होते, हे ब्रूटनलाही सांगता येण्यासारखे नव्हते.

याच सुमारास, या सर्व विद्वत्तेपासून दूर, अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठात कुक्कुटपालनाच्या विभागात ब्रूस ग्लिक नावाचा एक पदवीधर विद्यार्थी काम करीत होता. एके दिवशी प्राध्यापक हंसाचे विच्छेदन करीत असताना त्याला ती पिशवी दिसली. हे काय, असे त्याने विचारले. नाव सांगण्यात आले. तिचे कार्य काय, असे त्याने पुढे विचारले. प्रश्न चांगला आहे, त्याचे उत्तर तूच शोधून काढ, असे त्यास सांगण्यात आले. विद्यार्थ्याला वाटेस लावण्याचा हा प्राध्यापकांचा प्राचीन मार्ग आहे. ग्लिक मात्र खरोखरच त्या वाटेस लागला.

आता त्याने काय केले ते पाहावे. आरंभी त्याने कसलाही चमत्कारिक प्रयोग केला नाही. वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांतील पिशवी किती वाढते याची त्याने मापे घेतली. काम कंटाळवाणे होते. पिल्ले वाढवावयाची, ठरल्या दिवशी मारावयाची, पिशवी काढून तोलावयाची, वहीत लिहावयाची आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करावयाचे. त्यातून त्यास एक गोष्ट कळली. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत ही पिशवी सर्वांत झपाट्याने वाढते. ज्या वयात अवयव जोमाने वाढतो, त्याच वयात त्याचे काही महत्त्वाचे कार्य चालत असले पाहिजे, असे अनुमान त्याने बांधले आणि त्या कोवळ्या वयातच काही पिल्लांच्या पिशव्या शस्त्रक्रियेने काढून टाकल्या. मग काय फरक पडतो ते पाहत बसला. फरक काहीच पडेना. पिशवी नसलेल्या कोंबड्या इतरांसारख्याच हिंडत, खात आणि वाढत होत्या. सरकारी भाषेत सांगावयाचे तर प्रकरण 'निष्कर्ष नाही' या शेऱ्यानिशी दप्तरी दाखल होण्याच्या मार्गावर होते.

येथे दुसरा विद्यार्थी प्रवेश करतो. त्याचे नाव टिमथी चँग. हाही पदवीधर विद्यार्थी. वर्गापुढे प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखविण्याचे काम त्याच्याकडे होते आणि त्यासाठी त्यास कोंबड्या हव्या होत्या. विद्यार्थ्यांच्या हाती पैसा बेताचाच; ग्लिकपाशी मोठ्या झालेल्या कोंबड्या होत्याच. त्याने त्यांतल्या काही चँगला दिल्या. त्यांत पिशवी काढलेल्याही होत्या आणि न काढलेल्याही होत्या.

हे प्रात्यक्षिक कसे करतात, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. साल्मोनेला जातीच्या जंतूंपासून केलेले द्रव्य कोंबडीस टोचतात. काही दिवसांनी तिचे थोडे रक्त काढून त्यातील रक्तरस वेगळा करतात. मग परीक्षानळ्यांची एक ओळ मांडून पहिल्या नळीत रक्तरस काहीसा दाट, दुसरीत त्याच्या निम्मा, तिसरीत त्याच्याही निम्मा, असा पातळ करीत नेतात. प्रत्येक नळीत मेलेल्या जंतूंचा गढूळ द्राव सारखाच घालतात. रक्तरसात प्रतिपिंडे असतील तर जंतू एकमेकांस चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होऊन तळाशी बसतात आणि वरचा द्राव नितळ होतो. प्रतिपिंडे नसतील तर असे काही होत नाही. किती पातळ केलेल्या रक्तरसापर्यंत गुठळ्या होतात, यावरून प्रतिपिंडांचे प्रमाण ठरते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही उजेडाकडे नळी धरून हे पाहता येते. म्हणूनच प्रात्यक्षिकासाठी ते सोयीचे. ते सहसा फसत नाही.

चँगचे प्रात्यक्षिक फसले. काही कोंबड्यांच्या रक्तरसात अपेक्षेप्रमाणे गुठळ्या झाल्या. काहींच्या रक्तरसात काही म्हणता काही झाले नाही. वर्गापुढे उभे राहून विद्यार्थ्यांना जे दाखवावयाचे, तेच दिसू नये, ही स्थिती किती ओशाळवाणी असते याची कल्पना अध्यापन केलेल्या वाचकांस येईल. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे द्रव्य बिघडले म्हणावे, कोंबड्या निकस होत्या म्हणावे, नव्या कोंबड्या आणाव्यात आणि पुढच्या तासास प्रात्यक्षिक पुरे करावे. त्यास कोणी नावे ठेवली नसती. परंतु चँगने ही गोष्ट ग्लिकच्या कानावर घातली. दोघांनी कोंबड्यांच्या नोंदी काढून पाहिल्या. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे नव्हती, त्या पिशवी काढलेल्या कोंबड्या होत्या.

या क्षणी जे घडले त्यास योगायोग म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पुरते मान्य नाही. योगायोग एवढाच, की चँगला कोंबड्या हव्या होत्या आणि त्या ग्लिकपाशी होत्या. बाकी सर्व नोंदींचे काम आहे. मापे घेतली नसती तर पिशवी कोणत्या वयात काढावी हे ग्लिकला कळले नसते. आणि ती पुष्कळ उशिरा काढली असती तर तिचे कार्य तोवर बव्हंशी उरकलेले असते व कोंबडीच्या प्रतिपिंडांत तसा फरक दिसला नसता. कोणत्या कोंबडीची पिशवी काढली आणि कोणत्या कोंबडीची नाही हे लिहून ठेवले नसते, तर चँगची तक्रार ही तक्रारच राहिली असती. त्याच कळपातील, तेच द्रव्य टोचलेल्या धडधाकट कोंबड्यांत गुठळ्या झाल्या नसत्या, तर दोष द्रव्याचा की पक्ष्याचा हे ठरले नसते. दोन तरुण, एक वही आणि अडचण न लपविण्याचा साधा प्रामाणिकपणा, एवढ्या भांडवलावर तीन शतकांचा प्रश्न सुटण्याच्या मार्गास लागला.

पुढे त्यांनी अधिक पक्षी घेऊन प्रयोग मुद्दाम पुन्हा केले. पिशवी काढलेल्यांपैकी बहुतेकांत प्रतिपिंडे तयार झाली नाहीत. न काढलेल्यांपैकी बहुतेकांत झाली. ग्लिक, चँग आणि विभागातील जॅप या तिघांच्या नावाने एक छोटासा निबंध सिद्ध झाला. तो 'सायन्स' या विख्यात नियतकालिकाकडे पाठविला. तेथून तो परत आला. अखेर १९५६ मध्ये 'पोल्ट्री सायन्स' या, नावावरूनच कळेल अशा, कोंबड्यांच्या शास्त्रास वाहिलेल्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. लांबी जेमतेम दोन पाने.

प्रतिकारक्षमतेचा अभ्यास करणारे पंडित कोंबड्यांचे नियतकालिक कशाला वाचतील? आपल्या कचेऱ्यांतही असेच असते. एका विभागात वर्षानुवर्षे अडलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या विभागाच्या फाईलमध्ये निवांत पडलेले असते आणि दोन्ही विभागांचे दरवाजे एकाच व्हरांड्यात असतात. काही वर्षे तो निबंध तसाच पडून राहिला. मग तो हळूहळू हातोहात फिरू लागला. १९६० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील म्यूलर, वुल्फ आणि मायर यांनी अंड्यातच संप्रेरक टोचून पिशवीची वाढ रोखली आणि अशा कोंबड्यांतही प्रतिपिंडांची उणीव दाखविली. १९६२ मध्ये मेलबर्न येथे वॉर्नर आणि झेनबर्ग यांनी पक्ष्यांतील प्रतिकाराची दोन निरनिराळी अंगे निरनिराळ्या अवयवांवर अवलंबून असावीत, असे मत मांडले.

दुसरे अंग कोणते, हेही याच काळात उघड होत होते. छातीच्या वरच्या भागात थायमस नावाची एक ग्रंथी असते; तीही तरुणपणानंतर आक्रसत जाते आणि तीही निरुपयोगी समजली जात असे. १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. त्या उंदरांची प्रतिकारशक्ती ढासळली, आणि परक्या उंदराच्या कातडीचे कलमही ते नाकारीनासे झाले. मोठ्या उंदराची ग्रंथी काढली तर असे काही तत्काळ दिसत नसे. येथेही खुबी वयातच होती.

दोन्ही धागे एकत्र बांधले गेले ते मिनेसोटा विद्यापीठात. रॉबर्ट गुड यांच्या प्रयोगशाळेत मॅक्स कूपर हा तरुण बालरोगतज्ज्ञ काम करीत होता. त्याने पाहिले, की पिल्लू अंड्यातून बाहेर पडेपर्यंत पिशवीतून आणि थायमसमधून काही पेशी शरीरात आधीच पसरलेल्या असतात. म्हणून नुसता अवयव काढल्याने चित्र अस्पष्ट राहते. यासाठी त्याने नवजात पिल्लांचा एक किंवा दुसरा अवयव काढून शिवाय त्यांना क्ष-किरण दिले, म्हणजे आधी पसरलेल्या पेशीही नष्ट व्हाव्यात. चित्र स्वच्छ झाले. पिशवीविना वाढलेल्या पिल्लांत प्लाझ्मा पेशी नव्हत्या आणि प्रतिपिंडेही नव्हती. थायमसविना वाढलेल्यांत परके कलम नाकारण्याची शक्ती क्षीण झाली होती. १९६५ मध्ये कूपर, पीटरसन आणि गुड यांनी हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. प्रतिकाराचे सैन्य एकसंध नसून त्याच्या दोन फौजा आहेत, हे त्यातून सिद्ध झाले. ब्रूटनच्या आठ वर्षांच्या रुग्णाचे कोडेही आता उलगडू लागले. त्याची एक फौज उभीच राहिली नव्हती.

१९६९ मध्ये या पेशींसाठी दोन अक्षरांची नावे रूढ होऊ लागली. थायमसमधून येणाऱ्या त्या टी पेशी, आणि बर्सातून येणाऱ्या त्या बी पेशी. माणसास ती पिशवी नसते. माणसात आणि उंदरात बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, हे पुढे कळले. सुदैवाने इंग्रजीत अस्थिमज्जेच्या नावाचे आद्याक्षरही तेच असल्याने नाव बदलावे लागले नाही. पण 'बी' हे अक्षर मुळात कोंबडीच्या पिशवीचे आहे. करोनाच्या साथीत ज्या प्रतिपिंडांची चर्चा घरोघर झाली, ती याच पेशींपासून उद्‍भवलेल्या पेशींतून येतात. सांध्यांच्या काही दुर्धर आजारांत आणि रक्ताच्या काही कर्करोगांत आज जी औषधे देतात, ती याच पेशींना लक्ष्य करून बनविलेली आहेत. आणि आपल्या पुणे-नाशिककडे ज्याचे कुक्कुटपालन आहे अशा एखाद्या नातलगास विचारा. 'गंबोरो' हा शब्द ऐकताच तो सावध होईल. अमेरिकेतील गंबोरो या गावाच्या परिसरात प्रथम आढळलेल्या आणि १९६२ मध्ये वर्णन केल्या गेलेल्या या रोगाचा विषाणू नेमका त्या पिशवीवर घाला घालतो. पिल्लू त्यातून वाचले तरी पुढे दुसऱ्या रोगांच्या लसी त्यास नीट लागू पडत नाहीत. ज्या अवयवाचे कार्य ओहायोच्या दोन विद्यार्थ्यांनी शोधले, त्याच्या रक्षणासाठी आपल्याकडील शेतकरीही पिल्लांना लस देतो.

२०१९ मध्ये मॅक्स कूपर आणि जॅक मिलर यांना वैद्यकशास्त्रातील मोठ्या मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. ते यथायोग्यच होते. त्या सन्मानात ग्लिक आणि चँग नव्हते. तथापि बी पेशींचा इतिहास सांगताना १९५६ च्या त्या दोन पानांना वगळून चालत नाही. निबंध परत करणाऱ्या संपादकाचे नाव आज कोणी विचारीत नाही. कोंबड्यांच्या नियतकालिकात छापलेली नावे मात्र पाठ्यपुस्तकांत येतात.

ग्लिक आणि चँग यांना निदान नाव तरी मिळाले. सर्वांना तेही मिळत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्‍भवला, तेव्हा सरकारने डॉक्टर हाफकिन यांना तेथे पाठविले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत आणि तिच्या व्हरांड्यात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वत:स टोचून घेतली. दिमतीला होते एक कारकून आणि तीन शिपाई. परळच्या संस्थेला आज हाफकिन यांचे नाव आहे आणि ते असलेच पाहिजे. पण त्या व्हरांड्यात प्लेगच्या जंतूंनी भरलेल्या बाटल्या ज्यांनी दिवसरात्र राखल्या, त्या चौघांचे नाव कोण घेतो? माझ्या पेशाचा एक मनुष्य त्यांत होता, एवढ्याने माझ्या मनात त्या खोलीविषयी एक प्रकारचा आपलेपणा आहे.

हे सर्व ऐकून भाचीने अपेक्षित प्रश्न केला. "म्हणजे माझ्या त्या तीन उंदरांतही काही शोध दडलेला असेल?"

"बहुधा नसेल," मी म्हणालो. वाचकांसही हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेख भाबडा ठरेल. न जुळणारा आकडा बहुतेक वेळा साध्या चुकीचाच असतो. सुई हुकते, चिठ्ठी चुकते, नळी अस्वच्छ राहते. परंतु ती चूक आहे हे ठरविण्याचा अधिकार वहीचा आहे; तक्ता स्वच्छ दिसण्याच्या हौसेचा नाही. चँगनेही आपल्यास शोध लागला असे म्हटले नव्हते. माझे प्रात्यक्षिक फसले, असेच म्हटले होते. साहाय्यकाने शोध लावलाच पाहिजे, असा आग्रह कोणी धरू नये. फसले असेल तर फसले असे त्याने लिहावे. अर्थ लावणारा पुढे त्याच टेबलाशी येईल, शेजारच्या विभागातून येईल, किंवा तीनशे वर्षांनी येईल. फॅब्रिशियसचा तर्क चुकला होता. पण त्याने पिशवी होती तशी लिहून ठेवली होती, म्हणून ती पुढच्यांच्या हाती लागली.

ती उठली, पिशवीतून वही काढली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून पेन्सिलीच्या आकड्यांवरून शाई फिरविली. पुढे शेरा लिहिला: 'प्रतिक्रिया नाही. कारण अज्ञात. पुन्हा तपासावे.' टिपणाची ही भाषा मला परिचयाची वाटली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा उलगडा झाला होता. शेरा पाहून मुख्य प्राध्यापकांनी सर्व पिंजऱ्यांच्या नोंदी मागविल्या. पिंजरे बदलण्याच्या दिवशी तीन उंदरांची अदलाबदल झाली होती. द्रव्य टोचलेल्या गटात तीन न टोचलेले उंदीर येऊन बसले होते, आणि तुलनेसाठी राखून ठेवलेल्या न टोचलेल्या गटात तीन टोचलेले. दुसऱ्या गटाची तपासणी तोवर व्हावयाचीच होती. हे तीन आकडे खोडले असते, तर एका बाजूची चूक झाकली गेली असती आणि दुसरी बाजू न कळत नासली असती. मग त्या तुलनेवर जे काही उभे राहिले असते, ते सर्वच डळमळीत. प्रयोग आता पहिल्यापासून पुन्हा मांडला आहे. दोन महिन्यांचे काम वाया गेले.

"वाईट वाटले का?" मी विचारले.

"वाटले," ती म्हणाली. "पण या वेळी पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या मी स्वत: लिहिल्या आहेत." आणि तिने मामीकडे आणखी आमटी मागितली. नोकरी सोडण्याचा विषय तिने त्या दिवशी काढला नाही. मीही काढला नाही.